‘नाही’ची वही: नव्या ग्रंथपालाच्या पहिल्या वर्षासाठी

ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन नवा माणूस रुजू होतो तेव्हा त्याला वर्गीकरण येत असतं, तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांची सूची करणं, येत असतं, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे १९३१चे पाच सिद्धांत तोंडपाठ असतात. अडतं ते दुसरीकडेच. समोर पंचवीस कामं पडलेली असतात आणि त्यातलं आज कोणतं उचलायचं हे कळत नाही. कपाटं अपुरी असतात. निम्मी पुस्तकं संगणकावर चढलेली असतात, निम्मी नसतात. काही पुस्तकं दाखल नोंदवहीत दिसतात पण फळीवर दिसत नाहीत. नियतकालिकांच्या वर्गणीची मुदत तोंडावर आलेली असते, आणि वरिष्ठांना महिन्याभरात ‘काहीतरी दिसेल असं’ हवं असतं. अशा वेळी नवा ग्रंथपाल बहुधा एक तर जे शिक्षण ताजं आहे ते काम धरतो, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरेल ते. वाचकाला नेमकं काय अडलंय, हा प्रश्न दोन्हीकडे मागेच राहतो.

म्हणून नव्या सहकाऱ्यांना मी सांगतो, की वार्षिक योजना लिहायची घाई करू नका. आधी वाचक रिकाम्या हाताने का परततो, ते नोंदवा. देवघेवीच्या टेबलावर एक साधी वही ठेवा. तारीख, काय मागितलं आणि ते का मिळालं नाही, एवढे तीन रकाने पुरतात. वाचकाचं नाव लिहू नका. त्याची गरज नाही, आणि कोण काय वाचतं हे गुप्त ठेवणं हा आपल्या कामाचाच भाग आहे.

यातला तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. पॉल कँटर यांनी १९७६मध्ये पुस्तकांची उपलब्धता तपासण्याची एक पद्धत मांडली. वाचकाला पुस्तक न मिळण्याची कारणं तिच्यात ढोबळमानाने चार गटांत पडतात. एक, पुस्तक ग्रंथालयाने घेतलेलंच नाही. दोन, आहे पण दुसऱ्या वाचकाकडे गेलंय. तीन, आत असायला हवं पण जागेवर नाही: चुकीच्या फळीवर गेलंय, बांधणीला गेलंय, परत आलेल्यांच्या ढिगात पडलंय किंवा हरवलंय. चार, पुस्तक अगदी आपल्या जागी आहे, पण वाचकाला ते शोधता आलं नाही.

वाचकाच्या दृष्टीने चारही वेळी उत्तर एकच, ‘नाही’. ग्रंथपालासाठी मात्र चारांवरचा इलाज वेगळा. पहिल्याला पैसे लागतात. दुसऱ्याला जादा प्रत, कमी मुदत किंवा आरक्षणाची सोय लागते. तिसऱ्याला पैसे लागतच नाहीत, शिस्त लागते: परत आलेली पुस्तकं त्याच दिवशी फळीवर जाणं आणि शेल्फ रेक्टिफिकेशन, म्हणजे फळीवरचा क्रम ठरावीक दिवशी तपासून लावणं. चौथ्याला पाट्या, नीट ओपॅक (वाचकाने स्वतः पुस्तक शोधायची संगणकावरची सूची) आणि टेबलामागून उठून वाचकाबरोबर चार पावलं चालणारा माणूस लागतो.

समजा शंभर नकार जमले आणि त्यातले चाळीस तिसऱ्या गटातले निघाले. मग कितीही नवी खरेदी केली तरी ते चाळीस नकार तसेच राहणार, उलट फळ्या अजून दाटतील आणि वाढतीलही. मी पाहिलेल्या बहुतेक ग्रंथालयांत ‘निधी नाही’ हे रडगाणं पहिल्या गटाचं असतं आणि गळती तिसऱ्या-चौथ्या गटात. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी दुरुस्त केलं की पैशांची मागणी करताना बोलण्याला वजनही येतं.

या वहीची मर्यादाही ध्यानात ठेवा. जो वाचक न विचारताच निघून जातो तो तिच्यात येत नाही, आणि असे वाचक थोडेथोडके नसतात. ओपॅकमध्ये शून्य निकाल आलेले शोध नोंदवण्याची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर अधूनमधून एखाद्या दिवशी बाहेर पडणाऱ्यांना दारातच विचारा, ‘हवं ते मिळालं का?’ लोक खरं सांगतात. फक्त प्रश्नावली पुढे करू नका.

अर्थात वही भरायची तर वाचकाला खरोखर काय हवंय हे आधी कळायला हवं. रॉबर्ट टेलर यांनी १९६८मध्ये मांडलेलं निरीक्षण आजही तंतोतंत लागू पडतं. वाचकाची मूळ गरज वेगळी असते आणि ग्रंथालयाला काय झेपेल याचा अंदाज घेऊन त्याने टेबलावर मांडलेला प्रश्न वेगळा असतो. ‘कायद्याची पुस्तकं कुठे आहेत?’ असं विचारणाऱ्याला पुष्कळदा एखाद्या दाखल्यावर चुकलेलं नाव कसं दुरुस्त करायचं, एवढंच जाणून घ्यायचं असतं. त्याला ३४०च्या, म्हणजे कायद्याच्या, कपाटाकडे बोट दाखवलं तर आपलं काम झाल्यासारखं वाटतं, पण झालेलं नसतं. ‘कशासाठी हवंय?’ हा प्रश्न चौकशीसारखा लागतो. त्याऐवजी ‘त्यात नेमकं काय शोधताय?’ असं विचारलं की माणूस मोकळा होतो. आणि निरोप देताना ‘नाही सापडलं तर परत या’ हे वाक्य न विसरता म्हणा. पदवीच्या अभ्यासक्रमात संदर्भसेवेला प्रकरण असतं, पण हे कौशल्य उत्तरपत्रिकेत लिहून येत नाही. अनुभवी सहकाऱ्याच्या शेजारी बसून, तो काय विचारतो ते कान देऊन ऐकणं, हीच त्याची शाळा.

आता संगणकीकरण. नव्या ग्रंथपालाची सगळ्यात मोठी फजिती इथे होते, कारण अंदाज इथेच चुकतो. ‘सहा महिन्यांत सगळी पुस्तकं चढवू’ असं बैठकीत बोलून टाकण्याआधी कागदावर हिशेब करा. समजा बारा हजार पुस्तकं आहेत. एका पुस्तकाची नोंद शोधणं, तपासणं, बारकोड चिकटवणं, पाठीचं लेबल लावणं यांत दहा मिनिटं धरा. झाले दोन हजार तास. वाचक, फोन, बैठका सांभाळून एका माणसाला दिवसाचे चार तास सलग मिळाले, आणि हे मी उदारपणे धरतोय, तरी पाचशे कामाचे दिवस होतात. म्हणजे सहा महिन्यांत संपणारं हे काम नव्हे. हा आकडा वरिष्ठांपुढे ठेवायला लाजू नका. त्यातूनच खरे पर्याय निघतात: तात्पुरती दोन माणसं घ्यायची, की ज्यांची देवघेव होते ती पुस्तकं आधी चढवायची? दुसरा पर्याय मला नेहमीच शहाणपणाचा वाटत आलाय. परत येणारं प्रत्येक पुस्तक फळीवर जाण्याआधी चढवायचं, म्हणजे वाचत्या पुस्तकांची नोंद आपोआप आधी होते आणि न हलणारी मागे राहतात.

प्रत्येक नोंद शून्यापासून करत बसू नका. मार्क हे पुस्तकांच्या संगणकीय नोंदींचं ठरावीक स्वरूप १९६०च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये घडलं ते एका ठिकाणी केलेली नोंद दुसरीकडे वापरता यावी म्हणूनच. (ते घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या हेन्रिएट ॲव्रम मूळच्या प्रोग्रॅमर होत्या. ‘आपल्याला संगणकातलं कळत नाही’ म्हणणाऱ्या ग्रंथपालांना आणि ‘ग्रंथालयातलं काय कळायचंय’ म्हणणाऱ्या संगणकवाल्यांना, दोघांनाही मी हे सांगतो.) झेड ३९.५० या नोंदी शोधून आणण्याच्या मानकाची सोय असलेल्या सॉफ्टवेअरमधून दुसऱ्या ग्रंथालयांच्या नोंदी उतरवून घेता येतात. आपण फक्त तपासायचं आणि दाखल अंक (नोंदवहीतला क्रमांक) आणि बोधांक (फळीवरची जागा सांगणारा क्रमांक) भरायचा.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, यावर नवे लोक फार वाद घालतात. न्यूझीलंडमधल्या हॉरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टने २०००मध्ये कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरात आणलं, तेव्हापासून मुक्त सॉफ्टवेअरचा भक्कम पर्याय आहे. मात्र ते मोफत मिळालं तरी सर्व्हर, बॅकअप आणि अडचणीला धावून येणारा माणूस मोफत मिळत नाही. विकतचं घेणार असाल तर विक्रेत्याला सगळ्यात आधी एकच विचारा, ‘उद्या आम्ही तुम्हाला सोडलं तर आमच्या सगळ्या नोंदी मार्क स्वरूपात आमच्या हाती येतील का?’ उत्तर लेखी घ्या. बाकीची वैशिष्ट्यं नंतर पाहू.

याच टप्प्यावर आणखी एक मोह होतो, जुनं वर्गीकरण ‘सुधारण्याचा’. तुम्हाला संगणकाची काही पुस्तकं ००१.६ला सापडतील आणि काही ००४ ते ००६ला. आधीचा ग्रंथपाल चुकला असेलच असं नाही. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाच्या एकोणिसाव्या आवृत्तीत हा विषय ००१.६खाली होता आणि १९८५च्या सुधारणेत तो ००४ ते ००६मध्ये हलवला गेला. असा विषय विखुरलेला असेल आणि वाचक खरोखरच अडत असेल तर तेवढाच पट्टा एकत्र करा. सबंध ग्रंथालयाचं वर्गीकरण नव्याने करायला घ्याल तर दोन वर्षं निम्मी पुस्तकं एका क्रमाने आणि निम्मी दुसऱ्या क्रमाने लागलेली राहतील, आणि तिसऱ्या गटातले नकार दुप्पट होतील.

जागेचा प्रश्न तर सगळीकडेच आहे. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हा रंगनाथनांचा पाचवा सिद्धांत परीक्षेत लिहिणं सोपं. प्रत्यक्षात नव्वद सेंटिमीटरच्या फळीवर मध्यम जाडीची साधारण तीस पुस्तकं खच्चून बसतात, पण क्रम लावायला आणि मधे नवं पुस्तक सरकवायला जागा ठेवायची तर बावीस-तेवीसवर थांबावं लागतं. म्हणजे वर्षाला हजार पुस्तकं येत असतील तर सुमारे पंचेचाळीस फळ्या, सहा फळ्यांचे आठ रॅक, दरवर्षी. आठ रॅक कुठे ठेवणार? हे गणित खरेदीच्या प्रस्तावातच जोडा, कारण पुस्तकांना निधी मिळतो आणि रॅकचा विषय कुणाच्या ध्यानातही नसतो.

जागा नसेल तर निर्लेखन, म्हणजे पुस्तकं बाद करणं. इथे नव्या माणसाचे हात थरथरतात, आणि ते बरंच आहे. पुस्तक बाद करणं ही भावनेची बाब आहे, शिवाय बहुतेक ठिकाणी ती हिशेबाची आणि मंजुरीचीही असते. पण पिट्सबर्ग विद्यापीठातल्या ॲलन केंट आणि सहकाऱ्यांच्या १९७९च्या अभ्यासात असं दिसलं, की एका वर्षात घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. तेव्हा फळीवर बसलेलं प्रत्येक पुस्तक आपली जागा कमावतंच, असं समजू नये. मजकूर दिशाभूल करणारा आहे का, नवी आवृत्ती आली आहे का, प्रत दुरुस्तीपलीकडे गेलीय का, हेच पुस्तक दुसरीकडून सहज मिळेल का, एवढं तपासा. औषधं, कर, कायदा, संगणक या विषयांपासून सुरुवात करा. तिथलं जुनं पुस्तक नुसतं निरुपयोगी नसतं, घातकही ठरू शकतं. साहित्य आणि स्थानिक इतिहासाला पहिल्या वर्षी हात लावू नका. देवघेवीच्या आकड्यांवर त्यांची किंमत ठरत नाही, आणि एकदा गेलेली दुर्मीळ प्रत परत येत नाही. नियम, मंजुरीचा कागद आणि यादी हे तिन्ही हातात असल्याशिवाय एकही पुस्तक दाराबाहेर जाऊ देऊ नका.

भेट आलेल्या पुस्तकांचंही तसंच. देणाऱ्याचं मन मोडवत नाही आणि ढीग आत येतो. ‘निवडीचा आणि विल्हेवाटीचा अधिकार ग्रंथालयाचा राहील’ ही एक ओळ छापून त्यावर सही घेतली की पुढचा बराच त्रास वाचतो.

अंदाजपत्रकात एकदाच होणारा खर्च आणि दरवर्षी परत येणारा खर्च वेगळे लिहा. पुस्तक एकदा घेतलं की आपलं. ऑनलाइन डेटाबेसची वर्गणी थांबली की पुष्कळदा कालपर्यंत दिसणारा मजकूरही दिसेनासा होतो. म्हणून करार करताना, वर्गणी बंद झाल्यावर आधीच्या वर्षांचे अंक उघडता येतील का, हे विचारून घ्या. आणि नूतनीकरणाच्या वेळी किती डाउनलोड झाले त्याने रक्कम भागून एका वापराचा खर्च काढा. असा एक आकडा दहा परिच्छेदांच्या निवेदनाहून लवकर वाचला जातो. खरं तर वरिष्ठांसाठीचा प्रत्येक प्रस्ताव एका पानात बसवायची सवय लावून घ्या: अडचण काय, नकारांच्या वहीत ती किती वेळा आली, खर्च किती आणि न केल्यास काय होईल. स्प्रेडशीट बऱ्यापैकी येणं हे आज वर्गीकरणाइतकंच गरजेचं कौशल्य आहे, असं माझं मत आहे. कोहा वापरत असाल तर एसक्यूएल या माहितीसाठ्याला प्रश्न विचारायच्या भाषेत साधे अहवाल काढण्यापुरतं तरी शिका.

आणि ग्रंथालयात वर्षानुवर्षं काम केलेला जो सहायक असतो, ज्याच्याकडे कदाचित पदवी नसेल, त्याला गुरू माना. कोणतं कपाट पावसात भिजतं, कोणत्या पुस्तकाची दुसरी प्रत कुठे आहे, अमुक वाचक चिडला की काय बोलायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं आणि कुठेही लिहिलेलं नसतं. ते लिहून काढायला पहिल्याच आठवड्यात एक फाइल उघडा, म्हणजे तो निवृत्त झाला किंवा तुमची बदली झाली तरी काम अडणार नाही. त्या फाइलीत पहिल्या पानावर काय असावं असं कुणी विचारलं तर मी दोनच गोष्टी सांगतो: सॉफ्टवेअरचा मुख्य पासवर्ड कुणाकडे आहे, आणि बॅकअप परत चढवून तो चालतो का, हे शेवटचं कधी पाहिलं होतं.