इंटरव्ह्यू झाला, एचआर गप्प झाला: फोन लावायच्या आधीची तयारी

मागच्या वर्षी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीच्या जागेसाठी इंटरव्ह्यू देऊन आलो, चांगला झालेला, आणि नंतर तो मी माझ्या हातानं घालवला म्हणून हे लिहायलोय. इस्त्रीचा शर्ट, मार्कशीटची फाईल, पहाटेची एसटी, हे सगळ्यांना कळतंय. ही यादी "कळवतो आम्ही" म्हटल्यानंतरची आहे.

पहिलं म्हणजे मेलचा स्पॅम फोल्डर बघा. हसू नका. मी तीन आठवडे इनबॉक्स वरून खाली ओढत बसलो आणि शिरोलीत चहाच्या टपरीवर त्या एचआरच्या नावानं बोटं मोडली. शेवटी वैतागून व्हॉट्सअॅपवर टाकलं, "कळवायची पण पद्धत नाही का तुमच्यात?" निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. दोन दिवसांनी दुसरंच काहीतरी शोधताना स्पॅम उघडला तर क्रेडिट कार्डाच्या आणि लॉटरीच्या मेलच्या मधे माझं नाव घालून दुसऱ्या राउंडची लिंक पडलेली, इंटरव्ह्यूच्या चौथ्या दिवशी आलेली. जीमेल स्पॅममधलं ३० दिवसांनी आपोआप उडवतं, म्हणजे अजून थोडं थांबलो असतो तर कळलंच नसतं, आणि खरं सांगू, ते बरं झालं असतं.

तर स्पॅम. रोज, सकाळ-संध्याकाळ.

दुसरं, केबिनमधून उठतानाच विचारायचं की साधारण कधीपर्यंत कळेल आणि नाही कळलं तर कुणाला फोन करू. नाव, नंबर, तारीख गेटबाहेर आल्या आल्या लिहा, स्टँडवर पोचेपर्यंत निम्मं विसरतंय. सुट्टी कधी असते तेही विचारा, एमआयडीसीत सगळ्यांचीच सुट्टी रविवारी नसते. कन्सल्टन्सीतून गेला असाल तर आधी त्यांनाच विचारा, त्यांना डावलून थेट कंपनीला फोन लावला की दोन्हीकडून बोलणी खाता.

त्याच संध्याकाळी चार ओळींचा आभाराचा मेल, विषयात पदाचं नाव आणि इंटरव्ह्यूची तारीख. पुढचं सगळं त्याच मेलखाली रिप्लाय करत जायचं, दरवेळी नवा मेल काढला तर त्यांना आपण कोण तेच आठवत नाही. आणि त्यांचा मेल आयडी कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह करा म्हणजे त्यांचा मेल स्पॅममध्ये जायची शक्यता कमी होते. परत स्पॅमवरच आलो, येणारच.

सांगितलेली तारीख उलटली तरी दोन दिवस थांबा. बऱ्याचदा पहिल्या नंबरच्या माणसाला ऑफर गेलेली असते, तो हो-नाही करत असतो किंवा नोटीस पिरियडवरून घासाघीस चाललेली असते, आणि तो फिरलाच तर तुम्ही हाताशी पाहिजे म्हणून तुम्हाला "नाही" पण म्हणत नाहीत. कधी जागाच होल्डवर जाते. यातलं काहीच तुमच्यावर राग म्हणून नसतं, मला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तो मेसेज गेला नसता.

फोन करायचा तर सकाळी अकरानंतर, जेवणाच्या वेळेत नको. कारखान्यातल्या शॉप फ्लोअरवरून तर अजिबात नको! मी ग्राइंडरशेजारी उभा राहून लावला होता, पलीकडून नुसतं "हॅलो, हॅलो", मग कट. पद, तारीख, "काही अपडेट आहे का मॅडम", बास. घरची अडचण सांगू नका. आणि फोन लावायच्या आधी? स्पॅम.

०२० किंवा ०२३१ नं सुरू होणारा लँडलाइनचा फोन आला तर उचला, ट्रूकॉलर लाल दाखवू दे नाहीतर काय पण करू दे. कंपनीचा बोर्ड नंबर असू शकतो, परत लावला तर ऑपरेटर लागतो आणि त्याला काही माहीत नसतं.

बाकीचं पटापट. पहिल्या मेलनंतर आठवड्यानं दुसरा, अजून दहा दिवसांनी शेवटचा, मग विषय सोडा. तोवर दुसरीकडे अर्ज चालू ठेवा. ऑफर लेटर हातात आल्याशिवाय आहे ती नोकरी सोडू नका, फोनवरच्या "फायनल समजा" ला काही अर्थ नाही. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉप, कशाच्याही नावाखाली पैसे मागितले तर देऊ नका, दिले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. वैतागून रात्री व्हॉट्सअॅप करू नका. करावंच वाटलं तर आधी स्पॅम उघडा.