बेसन-हळदीचा लेप चेहऱ्याआधी हातावर

लिंबू बाजूला ठेवा. खायचा सोडा, लसूण, टूथपेस्ट आणि साखरेचा स्क्रबही. त्वचेचा सामू (pH, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा) ५ च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २ ते २.५ आणि सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर. 'घरचंच तर आहे' म्हणून त्वचा हे आकडे विसरत नाही.

लेप कालवणं सोपं: चमचाभर बेसन, चिमूटभर हळद, भिजेल इतकं दूध. सुट्या हळदीत रंगाची भेसळ असू शकते, ती नको.

आता चाचणी. सगळे इथेच चुकतात, मीही चुकले. मनगटावर दहा मिनिटं लावून 'काही झालं नाही' म्हणणं ही चाचणी नव्हे. ॲलर्जी उमटायला बहुतेकदा एक-दोन दिवस लागतात. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लेप लावा, चेहऱ्यावर ठेवणार तेवढाच वेळ ठेवून धुवा. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस, त्याच जागी. हो, सात. हळदीच्या पिवळेपणात लाली लपते, म्हणून नुसतं बघू नका, बोट फिरवा. बारीक पुरळ हाताला आधी लागते, डोळ्यांना नंतर दिसते. खाज सुटली तर तिथेच थांबा.

आणि लिंबाचा उन्हात होणारा त्रास या चाचणीत पकडला जात नाही, कारण हात बाहीखाली असतो. मी लिंबू-मध लावलं, तोंडावर घाईत पाणी मारलं आणि भर दुपारी गच्चीवर पापड वाळत घालायला गेले. दोन दिवसांनी ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत तपकिरी डाग उमटला, थेट ओघळाच्या आकाराचा. लिंबातल्या फ्युरानोकुमारिन नावाच्या द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा भाजते. डाग जायला चार महिने लागले, तोवर प्रत्येक लग्नात 'हे काय गं लागलं?' ऐकलं.

हात साफ राहिला तर लेप चेहऱ्यावर लावा, डोळे-ओठ सोडून. कडक वाळायच्या आत ओला करून धुवा. चोळून काढू नका.

आग झाली तर लगेच भरपूर गार पाण्याने धुवा. बर्फ नको. फोड आले किंवा पापण्या सुजल्या तर त्वचारोगतज्ज्ञ. मधल्या काळात कुंडीतली कोरफड कापून लावायचा मोह होतो. तिच्या सालीखालच्या पिवळ्या चिकाने मला खाज सुटली होती.