बिनभोगवटा शुल्काचे १,३२० रुपये

कोथरूडचा फ्लॅट भाड्यानं दिला आणि सोसायटीच्या बिलात एक नवी ओळ उगवली: नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं बिनभोगवटा शुल्क), रु. १,५००. त्याच बिलात सेवाशुल्क होतं १,८००! सेक्रेटरीकाका म्हणाले, "जनरल बॉडीत ठराव झालाय, आता काय करणार?" चौदा महिने मीही मुकाट्यानं भरत राहिले. चूक माझीच.

मग भाचीनं, ती वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सांगितलं की ठराव काहीही असो, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७९अ खाली सरकारनं १ ऑगस्ट २००१ लाच आदेश काढलाय. महापालिकेचे कर वगळून जे सेवाशुल्क, त्याच्या जास्तीत जास्त १० टक्के. सोसायट्या याविरुद्ध कोर्टातही गेल्या होत्या, पण २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आदेश कायम ठेवला.

म्हणजे माझे व्हायला हवेत १८० रुपये. जादा गेले महिना १,३२०, एकूण १८,४८०.

भांडायला गेले नाही. एका पानाचं पत्र, सोबत आदेशाची प्रत आणि बिलांच्या झेरॉक्स. सोसायटीच्या ऑफिसात दोन प्रती दिल्या, एकीवर शिक्का आणि तारीख घेतली. (शिक्क्याशिवाय परत येऊ नका, तोंडी "बघतो हो"ला अर्थ नसतो.) शेवटची ओळ एवढीच: तीस दिवसांत उत्तर नाही, तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार.

तेविसाव्या दिवशी काकांचा फोन. रोख परत नाही, पण पुढच्या बिलांतून वळते करून देताहेत. ऑगस्टच्या बिलात त्या ओळीपुढे १८० आहेत.