कुत्र्याला परदेशी न्यायचंय? तिकीट सगळ्यात शेवटी काढा

परदेशी राहायला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी स्वतःचं तिकीट काढतात आणि मग कुत्र्याचं कसं करायचं ते बघायला लागतात. घोळ इथेच होतो. कुत्रा कधी निघू शकतो हे विमान कंपनीच्या हातात नसतं, ते बऱ्याचदा त्याच्या रक्ततपासणीच्या तारखेवर ठरतं. म्हणून क्रम असा धरा: आधी ज्या देशात जायचंय तिथले नियम, मग कुत्र्याची प्रकृती, मग ऋतू आणि मार्ग, आणि मग विमान. पैशांचा हिशोब त्याच्याही नंतर, कारण तोवर हातात एखाद-दुसराच पर्याय उरलेला असतो.

नियम, आणि त्यांचं कॅलेंडर

सुरुवात मायक्रोचिपपासून, म्हणजे कातडीखाली बसवतात त्या ओळखीच्या चिपपासून. आयएसओ मानकाची १५ अंकी चिप बहुतेक देशांत चालते. आधी चिप, मग रेबीजची लस; फार तर दोन्ही एकाच दिवशी. लस आधी टोचली आणि चिप नंतर बसवली, तर युरोपीय संघाच्या लेखी ती लस टोचलेलीच नाही, कारण लस याच कुत्र्याला दिली होती हे दाखवायला तेव्हा काही खूण नव्हती. मग पुन्हा लस आणि पुन्हा पहिल्यापासून दिवस मोजणं.

युरोपीय संघात लसीच्या वेळी कुत्रा निदान १२ आठवड्यांचा हवा आणि पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबावं लागतं. त्यामुळे १५ आठवड्यांच्या आतलं पिल्लू नेण्याचा विचार सोडून द्या. तुम्ही निघताय तो देश संघाच्या मान्य यादीत नसेल, तर रक्ताची टायटर टेस्टही लागते, म्हणजे लसीने रेबीजविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडं तयार झालीत का याची तपासणी. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं, निकाल दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त यायला हवा, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार महिने गेले. ही टेस्ट एकदा पास झाली की पुढेही चालते, पण बूस्टर, म्हणजे लसीचा पुढचा डोस, वेळेत दिला तरच. बूस्टर एक दिवस जरी चुकला, तरी सगळं पुन्हा शून्यापासून.

जपानला याहून वेळ लागतो. तिथे किमान ३० दिवसांच्या अंतराने रेबीजच्या दोन लसी, मग रक्ततपासणी, रक्त घेतल्यापासून १८० दिवसांची प्रतीक्षा, शिवाय पोचण्याच्या किमान ४० दिवस आधी तिथल्या अधिकाऱ्यांना आगाऊ कळवावं लागतं. रेबीजमुक्त मानलेल्या मोजक्या प्रदेशांना यातली बरीच सूट आहे. ऑस्ट्रेलियात आलेला कुत्रा मेलबर्नजवळच्या मिकलहॅम इथल्या सरकारी क्वारंटाइन केंद्रात किमान १० दिवस राहतो. रक्त घेण्याआधी सरकारी पशुवैद्याकडून त्याची ओळख तपासून घेतली नसेल, तर १० चे ३० दिवस होतात. हे आधी माहीत नसल्यामुळे किती कुत्रे वीस दिवस जास्त कोंडून राहतात! शिवाय काही देशांतून ऑस्ट्रेलिया थेट कुत्रा घेतच नाही; मध्ये एखाद्या मान्य देशात महिनोन्‌महिने काढावे लागतात.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, चिप हवी, आणि सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा आयात फॉर्म भरलेला हवा. मागच्या सहा महिन्यांत कुत्रा रेबीजचा जास्त धोका मानलेल्या देशात राहिला असेल आणि लस अमेरिकेबाहेर झाली असेल, तर सीडीसीकडे नोंदलेल्या केंद्रात तपासणीची वेळ घ्यावी लागते आणि टायटरचं रक्त प्रवेशाच्या किमान २८ दिवस आधी घेतलेलं लागतं. नाहीतर २८ दिवस क्वारंटाइन.

ब्रिटनची गोष्ट वेगळी. कुत्रा कितीही लहान असो, विमानाने आणायचा तर तो केबिनमध्ये किंवा सामानात चालत नाही, कार्गोनेच, म्हणजे मालवाहतुकीतूनच, यावा लागतो. (प्रशिक्षित सहायक श्वानांना सूट आहे.) म्हणून बरेच जण पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमपर्यंत विमानाने जातात आणि पुढे गाडीने. कॅलेहून फोकस्टनला जाणाऱ्या शटल ट्रेनमध्ये कुत्रा तुमच्याच गाडीत तुमच्याजवळ बसतो आणि ३५ मिनिटांत पलीकडे पोचतो. युरोस्टार मात्र कुत्रे घेत नाही. हा मार्ग धरलात तर युरोपीय संघ आणि ब्रिटन, दोन्हींचे कागद लागतील. शिवाय पिट बुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो आणि एक्सएल बुली या जातींवर ब्रिटनमध्ये बंदी आहे. तिथे कागदोपत्री जात नाही, कुत्र्याची शरीरयष्टी बघतात. तेव्हा दिसायला तसा असलेला मिश्र जातीचा कुत्राही अडकू शकतो.

ब्रिटन, आयर्लंड, माल्टा, फिनलंड आणि नॉर्वे या देशांना फीतकृमीचं औषध पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान दिल्याची नोंद लागते. हे दिवसांत मोजू नका, तासांत मोजा. समजा रविवारी सकाळी ६ ला पोचायचंय. मंगळवारी संध्याकाळी ५ ला औषध दिलं तर १०९ तास होतात, म्हणजे नियमात बसतं. पण विमानाला १२ तास उशीर झाला की १२१ तास, आणि कुत्रा नियमाबाहेर. गुरुवारी संध्याकाळी द्या. एक-दोन दिवसांचा उशीरही पचतो. आणि पशुवैद्याला तारखेबरोबर वेळही लिहायला लावा.

आरोग्य प्रमाणपत्रही असंच नाजूक. युरोपीय संघासाठी सरकारी पशुवैद्याच्या सहीपासून प्रवेशापर्यंत फक्त १० दिवस मिळतात. तुमच्या आणि कुत्र्याच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर पडलं, किंवा पाचपेक्षा जास्त प्राणी असले, तर तो व्यापारी आयातीत धरला जातो आणि कागदपत्रं निराळी लागतात. त्यामुळे “आम्ही पुढे जातो, कुत्रा दोन महिन्यांनी येईल” असं ठरवताना जपून. त्यापेक्षा आधी जाऊन घर लावा आणि मग त्याला न्यायला परत या. एक जादा तिकीट पडेल, पण निदान हे कागद टळतील.

चिपचा क्रमांक प्रत्येक कागदावर एकेक अंक बोट ठेवून वाचा. स्कॅनर घेऊन कुत्र्याच्या अंगातली चिपही त्याच वेळी वाचून घ्या. विमानतळावर अडकणाऱ्यांत एका अंकाची चूक फार वेळा सापडते.

कुत्रा कोणता, पिंजरा केवढा

पग, बुलडॉग, बॉक्सर, शित्झू, पेकिनीज, बॉस्टन टेरियर अशी बसक्या नाकाची जात असेल, तर इथेच थांबून नीट विचार करा. कुत्रा अंगातली उष्णता धापा टाकून बाहेर टाकतो. या जातींच्या नाकपुड्या अरुंद असतात आणि घशातला मऊ टाळूचा भाग लांब असतो, त्यामुळे तणावात आणि उकाड्यात त्यांना ते जमत नाही. बऱ्याच कंपन्या त्यांना विमानाच्या पोटात घेतच नाहीत. पग केबिनमध्ये बसण्याइतका हलका असेल तर ठीक, नाहीतर जमिनीवरचा मार्ग किंवा जहाज शोधा. साउदॅम्प्टन-न्यूयॉर्क मार्गावरच्या क्वीन मेरी २ या जहाजावर कुत्र्यांसाठी राहण्याची सोय आहे, पण जागा मोजक्या आणि फार आधी भरतात.

हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेला, खूप म्हातारा, किंवा एकटा राहिला की दारं कुरतडणारा कुत्रा असेल, तर पशुवैद्याला प्रश्न थेट विचारा: “हा १२ तास बंद पिंजऱ्यात तग धरेल का?” उत्तर नाही आलं तर त्याच्या ओळखीच्या माणसाकडे, ओळखीच्या घरात त्याला ठेवणं जास्त मायेचं.

केबिनमध्ये नेण्याची मर्यादा बऱ्याच कंपन्यांत बॅगेसकट ८ किलोच्या आसपास असते, आणि बॅग पुढच्या सीटखाली बसली पाहिजे. कुत्र्याला आत उभं राहून वळता आलं पाहिजे, हे लोक विसरतात. वजनात बसणारा कुत्रा उंचीत अडतो. एका विमानात प्राण्यांच्या जागाही मोजक्याच असतात, तेव्हा स्वतःचं तिकीट काढायच्या आधी फोन करून त्याची जागा पक्की करा.

त्याहून मोठ्या कुत्र्यासाठी आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या नियमांप्रमाणे पिंजरा लागतो. कुत्र्याला सरळ उभं करून चार मापं घ्या: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची, खांद्यांपाशी रुंदी, आणि जमिनीपासून डोक्याच्या किंवा उभ्या कानांच्या टोकापर्यंत उंची, जे वर असेल ते. पिंजऱ्याची आतली लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं निम्मं. रुंदी म्हणजे तिसऱ्याची दुप्पट. उंची म्हणजे चौथं माप अधिक अंथरुणाची जाडी. बसक्या नाकाच्या कुत्र्याला १० टक्के मोठा. उदाहरणार्थ ८०, ४०, २२ आणि ६४ सेंटिमीटर मापांच्या कुत्र्याला आतून १०० लांब, ४४ रुंद आणि अंथरूण धरून साधारण ६८ उंच पिंजरा हवा. विमानतळावर पिंजरा अपुरा वाटला तर कुत्रा मागे राहतो, आणि तिथे कुणीही तुमचं ऐकत नाही.

पिंजऱ्याचे दोन भाग जोडणारे प्लास्टिकचे खटके काढून धातूचे नट-बोल्ट बसवा. दार धातूचं हवं, चाकं काढलेली, हवेला चारही बाजूंनी वाट, आणि पाण्याचं भांडं दार न उघडता बाहेरून भरता येईल असं.

सामान म्हणून की कार्गो म्हणून

दोन्हींत कुत्रा विमानाच्या पोटातच असतो. तिथला हवेचा दाब केबिनइतकाच असतो आणि प्राण्यांच्या कप्प्यात तापमान राखलेलं असतं. फरक व्यवस्थेचा आहे. सामान म्हणून गेला तर तुमच्याच विमानात, तुमच्या तिकिटावर, बहुधा स्वस्तात. कार्गो म्हणून त्याला स्वतंत्र एअरवे बिल (विमानाच्या मालवाहतुकीचा कागद) मिळतं, दुसऱ्या विमानानेही जाऊ शकतो, आणि पलीकडे कस्टम्समधून सोडवून घ्यावा लागतो.

कार्गोचं बिल बऱ्याचदा वजनावर नाही, आकारमानावर येतं. बाहेरची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं. वरच्या कुत्र्यासाठी तयार पिंजरा १०२ × ६९ × ७६ चा घेतला तर उत्तर येतं ८९ किलो. कुत्रा आणि पिंजरा मिळून खरं वजन ३९ किलो असलं, तरी पैसे ८९ किलोचे. मापाने बनवलेला १०४ × ५० × ७६ चा लाकडी पिंजरा ६६ किलोत बसतो. पिंजरा विकत घेण्याआधी हा गुणाकार करून बघा. पैसे वाचवायला आतली मापं मात्र कमी करू नका.

एजंट घ्यायचा का? जपान, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन किंवा दोन ठिकाणी विमान बदलायचं असेल तर घ्या. थेट उड्डाण आणि सोपे नियम असतील तर हे काम घरी जमतं. इपाटा या प्राणीवाहतूकदारांच्या संघटनेच्या यादीत नाव आहे का ते बघा. अंदाजपत्रक बाबवार मागा: पिंजरा, भाडं, सरकारी शुल्क, पलीकडचं क्लिअरन्स, एजंटची फी. एकच ठोक आकडा देणाऱ्याकडे पलीकडचं क्लिअरन्स हटकून वगळलेलं असतं. ब्रिटनला राहायला जाणाऱ्यांनी ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’ची, म्हणजे तिथे राहायला येणाऱ्यांसाठीची, करसवलत निघण्याआधी मंजूर करून घ्यावी, नाहीतर कुत्र्यावरही कर बसू शकतो.

मार्ग आणि दिवस

थेट विमान महाग असलं तरी तेच घ्या. धोका हवेत कमी असतो. पिंजरा ट्रॉलीवर, उन्हात किंवा थंडीत विमानाशेजारी थांबतो तेव्हा तो जास्त असतो. म्हणून साधारण २९ अंशांच्या वर किंवा ७ अंशांच्या खाली तापमान असलं की काही कंपन्या कुत्रा घेत नाहीत. उन्हाळ्यात रात्रीचं किंवा पहाटेचं, कडाक्याच्या थंडीत दुपारचं विमान धरा. विमान कोणत्या प्रकारचं आहे हेही विचारा, कारण लहान विमानांच्या पोटात तापमान राखण्याची सोय असेलच असं नाही. बदलायचंच असेल तर फ्रँकफर्टसारखा विमानतळ निवडा, जिथे प्राण्यांसाठी वेगळं केंद्र आहे. आणि शुक्रवारी संध्याकाळी पोचेल असं काही ठरवू नका. एखादा कागद अडला तर सोमवारपर्यंत सही करणारा भेटत नाही.

शेवटचे आठवडे

पिंजरा किमान सहा आठवडे आधी घरात आणा. पहिले दिवस दार काढून ठेवा, जेवण आतच द्या. मग तो खाताना दार लावा, मग दहा मिनिटं, मग तासभर, मग रात्रभर. पिंजऱ्यात आपणहून झोपायला जाणारा कुत्रा प्रवासातही झोपतो.

झोपेचं औषध देऊ नका. त्याने रक्तदाब उतरतो, तोल जातो, अंगाचं तापमान सांभाळणं बिघडतं, आणि वर त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणी नसतं. गुंगीतला कुत्रा कंपन्या परतही पाठवतात.

निघण्याच्या चार ते सहा तास आधी हलकं खाणं, मग फक्त पाणी. भांड्यात आदल्या रात्री पाणी गोठवून ठेवा म्हणजे चढवताना सांडत नाही. खाली शोषून घेणारी चादर आणि तुमचा न धुतलेला टी-शर्ट. गवत किंवा पेंढा नको, काही देशांत तो उतरल्या जागीच जप्त होतो. सुरक्षा तपासणीत रिकामा पिंजरा यंत्रातून जातो आणि कुत्रा बाहेर काढावा लागतो. घाबरलेला कुत्रा त्या दोन मिनिटांत गळ्यातल्या पट्ट्यातून मान सोडवून पळतो, म्हणून अंगाला घट्ट बसणारा हार्नेस आणि मनगटाला गुंडाळलेली दोरी हवीच. परत आत गेल्यावर दोरी काढून घ्या आणि दाराला चारही कोपऱ्यांत नायलॉनचे टाय लावा.

कार्गोतून बाहेर येईपर्यंत पलीकडे काही तास जातात, तेव्हा त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. भेटल्यावर दाराबाहेर उघड्यावर पिंजरा खोलू नका. गाडीत बसा, दारं लावा, दोरी अडकवा आणि मगच पिंजऱ्याचं दार उघडा. आधी थोडं थोडं पाणी द्या आणि दोन तासांनी नेहमीच्या निम्मं जेवण.