मक्याचं पान खालून वाचायचं

आमचं वावर नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या अलीकडे, भारी काळ्या जमिनीचं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या जोडीला तीन एकर मका असतोच. पावसाळ्यात पुनर्वसू नक्षत्र लागलं की मोबाइलवर फोटो यायला लागतात, "काकू, मका पिवळा पडला, काय टाकू?" माझा उलट प्रश्न एकच असतो: पिवळं पान खालचं आहे की पोंग्यातलं, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गुंडाळीतलं?

रंग नंतर बघायचा, आधी पानाची जागा. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून खुणा खाली दिसतात. जस्त, लोह, गंधक असं सहज हलत नाही, म्हणून तिथे नवं पान आधी बोलतं.

बघायला सकाळी जायचं. धुऱ्याजवळची, म्हणजे बांधाकडची तासं (ओळी) सोडायची, ती फसवतात. वावरात चार-पाच ठिकाणी थांबायचं आणि दोन झाडं मुळासकट उपटायची. मुळं काळी, कुजकी निघाली तर पानाकडे बघण्यात अर्थ नाही.

खालच्या पानाच्या टोकाकडून मधल्या शिरेने पिवळी पाचर आत घुसलेली आणि कडा अजून हिरव्या, हे नत्र. याच्या बरोबर उलटं, कडा करपलेल्या आणि मधली शीर हिरवी, म्हणजे पालाश. आमच्या काळ्या मातीत पालाश सहसा कमी पडत नाही, मुरमाड तुकड्यावर मात्र दिसतं.

पावसाची झड लागून आठ दिवस पाणी साचलं तरी अशीच पाचर दिसते. तेव्हा युरियाचं पोतं घेऊन धावायचं नाही बाप्पा. आधी चर काढून पाणी बाहेर, वाफसा आला, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल राहिली, की डवऱ्यासोबत (कोळपणीबरोबर) युरिया. तोवर जीव राहत नसेल तर दोन टक्के युरियाची फवारणी, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला तीनशे ग्रॅम. आणि कणसं भरून पिकायला लागल्यावर खालची पानं वाळणारच. नागपुरात फुटाळा तलावावर भाजून मिळणाऱ्या भुट्ट्याच्या झाडाचीही वाळतात. तिथे खर्च करू नका.

आता जस्त, कारण यात मीच फसले. विहीर खोल केली तेव्हा निघालेली चुनखडीची माती आम्ही वावराच्या एका पट्ट्यावर पसरवली होती. पुढच्या खरिपात नेमक्या त्याच पट्ट्यात वीस दिवसांचा मका पांढरट पडला. दुकानदार म्हणाला युरिया द्या, मी दिला. काही फरक नाही. मग पोंग्याजवळचं पान तोडून उजेडात धरलं. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना रुंद फिकट पट्टे, बुडाकडे जास्त, शीर आणि कडा हिरव्या. जस्ताची कमतरता यापेक्षा स्पष्ट दिसत नाही. चुनखडीच्या जमिनीत जस्त असलं तरी मुळांना मिळत नाही, त्यात मी डीएपी हे स्फुरदाचं खत सढळ हाताने टाकलं होतं, त्याने आणखी अडतं.

पंधरा लिटरच्या पंपाला पंच्याहत्तर ग्रॅम झिंक सल्फेट आणि त्याच्या निम्मा विरवलेला चुना, गाळून. चुना नसला तर पान भाजतं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. पुढच्या हंगामाला पेरणीआधी एकरी दहा किलो झिंक सल्फेट जमिनीत, पण डीएपीत कालवून नाही.

लोहाचे पट्टे बारीक असतात. शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी, आणि पान बुडापासून टोकापर्यंत तसंच. त्याला फेरस सल्फेट. नवी पानं सरसकट फिकी दिसली तर गंधकाचा संशय धरायचा.

रोपाच्या पानांच्या कडा जांभळ्या झाल्या की सगळे स्फुरद स्फुरद करतात. रब्बीत डिसेंबरची थंडी पडली की मुळांना स्फुरद नीट घेता येत नाही, ऊन तापलं की रोप आपोआप सावरतं. काही वाणांचा तर रंगच तसा. उभ्या पिकात वरून टाकलेलं स्फुरद मुळापर्यंत फारसं पोचत नाही, म्हणून त्याची सोय पेरणीलाच करायची, माती परीक्षणाचा कागद समोर ठेवून.

पोंग्यात भोकं आणि भुसा दिसला तर ती लष्करी अळी, खताचा संबंध नाही.

फवारताना चार तासं मुद्दाम कोरी सोडा आणि टोकाच्या धांड्याला चिंधी बांधा. दहा दिवसांनी दोन्हीकडची नवी पानं शेजारी शेजारी धरून बघा. जुन्या पानावरचे पट्टे जात नाहीत, त्यांच्याकडे बघून दुसरं औषध आणायला जाऊ नका.