स्नॅपशॉटच्या डिस्कची एरर आली तर आधी हात थांबवा, मग साखळी वाचा

"व्हीएम सुरू होत नाही, डिस्कची एरर येतेय" असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एरर आल्यापासून तुम्ही काय काय केलंत? (व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, एका सर्व्हरच्या पोटात चालणारा आभासी संगणक.) स्नॅपशॉटच्या भानगडीत मूळ बिघाडाने जेवढा डेटा जातो, त्याहून जास्त नंतरच्या घाईगडबडीत जातो.

मी कुपवाड एमआयडीसीतल्या काही फाउंड्र्या, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्या आणि मिरजेतले दोन-चार दवाखाने यांचे सर्व्हर सांभाळते. बहुतेक ठिकाणी चित्र सारखंच. एकच दणकट सर्व्हर, त्यावर व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय (अशा व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर), त्यात टॅलीची एक व्हीएम, एसक्यूएलची एक, आणि डेटास्टोअर, म्हणजे व्हीएमच्या फाइली ठेवायची जागा, कायम भरत आलेला. अशा ठिकाणी एकट्याने काम करणाऱ्या, वर विचारायला कुणी नसलेल्या पोरापोरींसाठी हे लिहिते आहे. भर ईएसएक्सआयवर आहे, मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचं आणि लिनक्सच्या केव्हीएमचं शेवटी थोडक्यात.

आधी आत काय घडतं ते पक्कं करून घ्या. स्नॅपशॉट म्हणजे डिस्कची दुसरी प्रत नव्हे. पेढीवर जुनी खतावणी मिटून कपाटात ठेवली आणि आजपासून सगळ्या नोंदी नव्या कोऱ्या वहीत लिहायला घेतल्या, तसं ते आहे. अमक्याची बाकी किती हे सांगायला दोन्ही वह्या लागतात आणि नवी वही जुनीशिवाय निरर्थक असते. डेटास्टोअरच्या फोल्डरमध्ये हे असं दिसतं: मूळ डिस्क टॅली.व्हीएमडीके, पहिल्या स्नॅपशॉटनंतर टॅली-000001.व्हीएमडीके, दुसऱ्यानंतर 000002. एकावर एक रचलेल्या या डिस्कांची मिळून साखळी होते. यातली प्रत्येक जोडफाइल आहे. एक असते काही ओळींची साधी टेक्स्ट फाइल, तिला डिस्क्रिप्टर म्हणतात. दुसरी खऱ्या डेटाची. मूळ डिस्कच्या डेटाफाइलच्या नावात फ्लॅट असतं, स्नॅपशॉटच्या डेटाफाइलच्या नावात व्हीएमएफएस 5 (व्हीएमएफएस ही डेटास्टोअरची फाइल सिस्टिम) वर सहसा डेल्टा आणि व्हीएमएफएस 6 वर एसईस्पार्स. आजचा डेटा बहुतेक वेळा सर्वात वरच्या आकड्याच्या फाइलमध्ये पडत असतो; नक्की कुठल्या, ते व्हीएमच्या सेटिंगमध्ये डिस्कच्या नावात दिसतं. "ही 000002 कसली, नको असेल" म्हणून जी फाइल लोक उडवतात, नेमक्या तिच्यातच कालचा धंदा असतो.

म्हणून एरर कुठलीही असो, तीन गोष्टी करायच्या नाहीत. व्हीएमच्या फोल्डरमधून हाताने काही डिलीट करायचं नाही. व्हीएमच्या सेटिंगमध्ये जाऊन मूळ डिस्क जोडून "चालू होते का बघू" म्हणायचं नाही. आणि रिव्हर्ट हे बटण दाबायचं नाही. रिव्हर्टने स्नॅपशॉटनंतरचं सगळं फेकलं जातं. गडबडीत डिलीट आणि रिव्हर्ट यांच्यात गोंधळ होतो. स्नॅपशॉट डिलीट करणं म्हणजे त्यातला डेटा मूळ डिस्कमध्ये मिसळणं, म्हणजे डिलीटने डेटा राहतो आणि रिव्हर्टने जातो. नाव ऐकून उलटं वाटतं, पण तसंच आहे.

जागा संपली असेल तर

सर्वात जास्त वेळा हेच निघतं. महिनोन्‌महिने विसरलेला स्नॅपशॉट फुगत गेलेला असतो. एक स्नॅपशॉट फुगून जवळपास मूळ डिस्कएवढा होऊ शकतो. डेटास्टोअर भरला की ईएसएक्सआय व्हीएम थांबवून ठेवतो आणि स्क्रीनवर प्रश्न टाकतो: जागा नाही, रीट्राय की कॅन्सल? कॅन्सल दाबू नका, त्याने व्हीएम तिथल्या तिथे बंद पडते. प्रश्न तसाच राहू द्या. व्हीएम थांबलेली आहे, काही बिघडत नाही. आधी जागा करा, मग रीट्राय दाबा. पुष्कळदा तेवढ्याने टॅली जिथे थांबली होती तिथून पुढे चालू लागते.

जागा कुठून काढायची? आधी आयएसओ फाइली बघा, विंडोजच्या इन्स्टॉलेशनच्या दोन-तीन तरी पडलेल्या असतात. त्याहून पटकन मिळणारी जागा फारशी कुणाला ठाऊक नसते. त्याच डेटास्टोअरवरची कमी महत्त्वाची दुसरी व्हीएम नीट शटडाउन करा. चालू व्हीएमची एक स्वॅप फाइल असते, रॅम रिझर्व्ह केलेली नसेल तर रॅमएवढीच. व्हीएम बंद झाली की ती आपोआप जाते. 16 जीबी रॅमची टेस्टिंगची व्हीएम बंद केली की 16 जीबी हातात आले.

जागा मिळाल्यावर लगेच स्नॅपशॉट डिलीट करायला धावू नका. मिसळताना व्हीएम चालू असेल तर त्या काळात होणारे बदल धरायला ईएसएक्सआयच्या जुन्या आवृत्त्या (6.0 च्या आधीच्या) आणखी एक तात्पुरती फाइल उघडतात आणि कामाच्या वेळी तीही फुगते. मूळ डिस्क थिन (लागेल तसतशी जागा घेणारी) असेल तर मिसळताना तीही वाढते. म्हणून हे काम रात्री, सौदे आणि बिलिंग बंद झाल्यावर करा. यूपीएसची बॅटरी आधी तपासा. आपल्याकडे वळवाचा पाऊस आला की एमआयडीसीत वीज जाते हे नव्याने सांगायला नको. प्रोग्रेस 99 टक्क्यांवर तासन्‌तास अडकल्यासारखा दिसेल. तो बहुतेक वेळा अडकलेला नसतो. होस्ट, म्हणजे ईएसएक्सआयचा सर्व्हर, रीस्टार्ट करू नका. एसएसएचने (दुरून कमांड देण्याच्या सोयीने) आत जाऊन फोल्डरमधल्या फाइलींच्या वेळा बघा. वेळ पुढे सरकत असेल तर काम चालू आहे, वाट बघा.

स्नॅपशॉट दिसत नाही, तरी डिस्क 000003

स्नॅपशॉट मॅनेजर रिकामा, पण सेटिंगमध्ये डिस्कच्या नावापुढे 000003, आणि वर "डिस्क कन्सॉलिडेशनची गरज आहे" अशी पिवळी सूचना (कन्सॉलिडेशन म्हणजे उरलेल्या फाइली मूळ डिस्कमध्ये मिसळणं). हे बहुतेक करून बॅकअपच्या सॉफ्टवेअरचं काम असतं. बॅकअप घेताना ते स्नॅपशॉट काढतं आणि झाल्यावर मिटवतं. मिटवणं फसलं की यादीतून नाव जातं, फाइल मात्र राहते. दर रात्री एक अशी साचत जाते. साखळीत 32 पर्यंत स्नॅपशॉट चालतात, पण व्हीएमवेअर दोन-तीनच्या वर जाऊ नका आणि एक स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नका असंच सांगतं. माझ्या मते आपल्याकडच्या एका सर्व्हरच्या सेटअपला दोन म्हणजेसुद्धा जास्त.

इथे आधी कन्सॉलिडेट हा पर्याय वापरा. तो चालला नाही तर मेमरीची टिक काढून एक नवा स्नॅपशॉट घ्या आणि मग डिलीट ऑल करा. यादीत नसलेल्या फाइलीही त्यात पुष्कळदा मिसळल्या जातात.

फाइल लॉक आहे असं सांगत असेल तर बॅकअपच्या व्हीएमच्या सेटिंगमध्ये बघा. हॉट-अ‍ॅड (बॅकअपसाठी चालू व्हीएमला डिस्क जोडायच्या) पद्धतीने टॅलीची डिस्क तिला जोडलेली राहून गेलेली असते. ती काढा, पण काढताना "डेटास्टोअरवरून फाइली डिलीट करा" ही टिक लागलेली नाही हे दोनदा बघा. त्या टिकेने मूळ डिस्क जाते. तिथे काहीच सापडलं नाही तर होस्टचे मॅनेजमेंट एजंट रीस्टार्ट करून बघा. एकापेक्षा जास्त होस्ट असतील तर लॉक कुणाकडे आहे हे व्हीएमएफएसफाइललॉकइन्फो ही कमांड सांगते. ती मॅक अ‍ॅड्रेस दाखवते, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक, त्यावरून होस्ट ओळखायचा.

मूळ डिस्क बदलली आहे, अशी एरर

इंग्रजीत ती लांबलचक येते: मूळ डिस्कचा कंटेंट आयडी वरच्या डिस्कमधल्या नोंदीशी जुळत नाही. ही सर्वात घातक, आणि इथेच इंटरनेटवरचा अर्धवट उपाय वाचून लोक घात करून घेतात.

डिस्क्रिप्टर उघडून बघा. प्रत्येकात दोन ओळी महत्त्वाच्या: सीआयडी (त्या डिस्कचा कंटेंट आयडी) आणि पॅरेंटसीआयडी (तिच्या खालच्या, म्हणजे बाप डिस्कचा). मूळ डिस्कला बाप नसतो, म्हणून तिच्या पॅरेंटसीआयडीत आठ एफ असतात. समजा मूळ डिस्कचा सीआयडी 83716452 आहे. मग 000001 च्या पॅरेंटसीआयडीतही 83716452 हवा, आणि 000001 चा स्वतःचा सीआयडी 000002 च्या पॅरेंटसीआयडीत. असं खालून वर कागदावर लिहीत या. कुठे आकडा जुळत नाही ते लगेच डोळ्यांत येतं. कमांडने बघायचं तर व्हीएमकेएफएसटूल्सला क्यू आणि व्ही10 हे ऑप्शन आणि सर्वात वरची डिस्क द्या, साखळी कुठे तुटते ते ती सांगते.

आकडा दुरुस्त करणं मिनिटाभराचं काम आहे. करावं की नाही हा खरा प्रश्न. मूळ डिस्क उघडून तिच्यावर पहिल्यांदा काही लिहिलं गेलं की सीआयडी बदलतो. म्हणजे आकडा न जुळणं ही बहुधा सूचना असते की स्नॅपशॉटनंतर कुणीतरी मूळ डिस्कवर लिहिलं आहे. फाइली इकडून तिकडे हलवताना नुसता डिस्क्रिप्टर बिघडला असेल तर आकडा दुरुस्त करून सगळं ठीक होतं. पण मूळ डिस्कवरून विंडोज बूट झालेलं असेल, तर आकडा जुळवल्यावर व्हीएम चालू होईल, आतली फाइल सिस्टिम मात्र विस्कटलेली असेल. मूळ फ्लॅट फाइलच्या शेवटच्या बदलाची वेळ बघा. ती स्नॅपशॉट घेतल्याच्या वेळेच्या बरीच नंतरची असेल तर सावध व्हा.

मार्केट यार्डातल्या एका पेढीवर नेमकं हेच झालं. पाडव्याच्या सुमारास अपडेट करण्याआधी स्नॅपशॉट घेतला गेला आणि तसाच राहिला. जागा संपून व्हीएम बंद पडली तेव्हा सॉफ्टवेअर देणाऱ्यांकडून आलेल्या माणसाने 000001 काढून मूळ डिस्क जोडली. विंडोज झकास चालू झालं आणि तो निघून गेला. थोड्या वेळाने दिवाणजींचा मला फोन: "ताई, टॅली उघडली, पण पाडव्यानंतरची एक पट्टी दिसत नाही." शेतकऱ्यांच्या हळदीच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब), त्यांची देणी, सगळं गायब. ऐन सौद्यांच्या दिवसांत.

मी त्यांना फोनवरच व्हीएम बंद करायला सांगितली. जितका वेळ ती मूळ डिस्कवर चालली असती तितकी साखळी आणखी बिघडली असती. मग पूर्ण फोल्डर, सगळ्या फाइलींसकट, नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यावर) उतरवला. पुढचं सगळं त्या प्रतीवर. प्रतीतला पॅरेंटसीआयडी जुळवला, व्हीएमकेएफएसटूल्सच्या आय ऑप्शनने सर्वात वरच्या डिस्कचा क्लोन केला. त्या क्लोनमध्ये साखळी मिसळून एकसंध डिस्क तयार होते आणि मूळ फाइलींना हात लागत नाही. ती डिस्क बूट न करता दुसऱ्या विंडोज व्हीएमला जादा डिस्क म्हणून जोडली. विंडोजच्या फोल्डरांत बऱ्याच फाइली खराब होत्या, पण टॅलीचा डेटा फोल्डर वाचला. का, तर मूळ डिस्कवर बूट झालं त्या वेळात टॅलीत नवी नोंद कुणी केली नव्हती, नुसती उघडून बघितली होती. तो फोल्डर नव्या व्हीएमवर नेला. दिवाणजी छापील पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन बसले आणि एकेक व्हाउचर ताडून बघितलं. शेवटची पट्टी जुळली तेव्हाच पेढी उघडायला हो म्हटलं.

यातलं तुम्ही उचलायचं ते एवढं: दुरुस्ती कायम प्रतीवर, क्लोन कायम दुसऱ्या डेटास्टोअरवर, आणि "चालू झालं" याला पुरावा मानायचं नाही. आतला डेटा ज्याचा आहे त्याच्याकडून ताडून घ्या. प्रतीला जागा नसेल तर यूएसबीची डिस्क लावलेलं साधं एनएफएसचं (नेटवर्कवरून फाइली देणारं) नॅस दोन तासांत उभं राहतं.

डेल्टाची डेटाफाइलच उडाली असेल तर कुठलाही आकडा बदलून ती परत येत नाही, बॅकअपच काढावा लागतो. फक्त डिस्क्रिप्टर उडाला असेल आणि डेटाफाइल शाबूत असेल तर घाबरू नका, तो नव्याने बनवता येतो.

हायपर-व्ही आणि केव्हीएम

हायपर-व्हीत यालाच चेकपॉइंट म्हणतात आणि फाइलचं शेपूट सहसा एव्हीएचडीएक्स असतं. नियम तेच. फाइल एक्सप्लोररमधून ती उडवायची नाही, चेकपॉइंट हायपर-व्ही मॅनेजरमधूनच डिलीट करायचा. सर्व्हर 2012 पासून मिसळणं व्हीएम चालू असताना होतं. 2008 आर2 वर व्हीएम बंद केल्याशिवाय होत नाही, आणि असे जुने सर्व्हर आजही दिसतात. साखळी तुटली असेल तर इन्स्पेक्ट डिस्कने बाप कोण ते बघा आणि रीकनेक्टने जोडा. आयडी जुळत नसला तरी जबरदस्तीने जोडायचा पर्याय पॉवरशेलमध्ये आहे. त्यालाही वरचाच इशारा लागू.

केव्हीएमवर क्यूईएमयू-आयएमजी इन्फोला बॅकिंग-चेन हा ऑप्शन दिला की साखळी दिसते. चालू व्हीएम मिसळायला व्हर्श ब्लॉककमिट. क्यूईएमयू-आयएमजी चेक मात्र व्हीएम बंद असतानाच, आणि दुरुस्तीचा ऑप्शन प्रतीवरच वापरा.

काम झाल्यावर

सेटिंगमध्ये डिस्कचं नाव आता आकड्याविना दिसलं पाहिजे. फोल्डरमध्ये 000001 वगैरे उरल्या असतील तर त्या कुठल्याच व्हीएमला, बॅकअपच्या व्हीएमलासुद्धा, जोडलेल्या नाहीत याची खात्री करा. मग त्या नॅसवर हलवा आणि आठवडाभर धंदा सुरळीत चालल्यावरच उडवा. व्हीसेंटर (अनेक होस्ट एकत्र सांभाळणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) असेल तर स्नॅपशॉटच्या साइझवर अलार्म लावा. नसेल तर सोमवारी सकाळी फोल्डर उघडून बघायची सवय लावा. आणि त्याच रात्री बॅकअप इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या भागाचा) न घेता फुल घ्या. साखळी बदलल्यावर आधीच्या बदलांच्या नोंदीवर विसंबलेला बॅकअप रिस्टोअरच्या वेळी दगा देऊ शकतो.