जुन्या गाडीचा टेम्परेचर काटा वाचताना या चुका टाळा

जुनी गाडी नव्याने घेतलेली माणसं दोन प्रश्न हमखास विचारतात. "काटा अर्ध्याच्या वर गेला, इंजिन गेलं का?" आणि "काटा तर खाली होता, मग इंजिन गेलं कसं?" दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. काटा इंजिनाचं तापमान सांगत नाही, सेन्सरच्या टोकाला जे लागून आहे त्याचं सांगतो. तिथे पाणी असेल तर पाण्याचं, पाणी संपलं असेल तर नुसत्या हवा-वाफेचं.

काटा उतरला म्हणून निर्धास्त होणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक, आणि ती मी स्वतः केली आहे. लांबलचक चढ होता. काटा नेहमीपेक्षा दोन रेघा वर गेला. पुढच्या वळणावर थांबू म्हणेपर्यंत तो भराभर खाली आला, पार थंडच्या खुणेपर्यंत. मला हायसं वाटलं आणि मी गाडी तशीच रेटली. थंडीचे दिवस होते, हीटर चालू होता. त्यातून गार वारा यायला लागला हे पायांना जाणवलंही, पण त्याचा अर्थ लावला नाही. तीन-चार किलोमीटरवर इंजिन खडखडायला लागलं, ओढ गेली, गाडी बंद. बोनेट उघडलं तर रेडिएटरच्या खालच्या होज पाइपची क्लिप ढिली होऊन पाइप निसटलेला, कुलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, थेंब उरलेला नाही. सेन्सर कोरडा पडला म्हणून काटा उतरला होता. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकलं आणि त्याखालचं गॅस्केट (सील) जळलं.

तेव्हापासून माझी सवय अशी : चढावर काटा एकदम पडला की आधी हीटर लावून बघायचा. गरम हवा आली नाही तर गाडी तिथल्या तिथे बंद, एक मीटरही पुढे न्यायची नाही. आणि महिन्यातून एकदा, इंजिन थंड असताना, सगळ्या क्लिपांवरून स्क्रू ड्रायव्हर फिरवायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

थर्मोस्टॅट काढून फेकणं

"गाडी गरम होते ना, थर्मोस्टॅट काढून टाका" हा सल्ला ऐकला की माझं डोकं तापतं. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, साधारण 82 ते 88 अंशांना उघडायला लागतो. तो काढला की हलक्या चालवण्यात इंजिन कोमटच राहतं, इंधन जास्त पितं, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही आणि झीज वाढते. शिवाय बऱ्याच इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅट बायपासची वाट बंद करतो. तो नसला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात फिरतं, आणि चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते. आणि गाडी मुळात रेडिएटर चोंदल्यामुळे तापत असेल, तर तो होता तसाच राहतो.

संशय असेल तर थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास तो उघडताना डोळ्यांनी दिसतो. उघडला नाही तर त्याच अंशांचा नवा बसवा. इतकंसं करायचा धीर नसेल तर जुन्या गाडीच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गरम रेडिएटरची कॅप उघडणं

कॅप साधारण 0.9 बार दाब धरते, म्हणून आतलं पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. कॅप फिरवली की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. किमान अर्धा तास थांबा. मी फडक्याने वरचा होज पाइप दाबून बघतो, टणक लागला तर कॅपला हात लावत नाही. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

बाकीच्या थोडक्यात :

ट्रॅफिकमध्ये तापते आणि वेगात निवते, तर फॅन बघा. वेगात तापते, तर रेडिएटर, वॉटर पंप आणि आत ओढला जाऊन चपटा होणारा खालचा होज पाइप बघा.

पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा एकदमच वर चढले, तर इंजिन खोलू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन्ही काट्यांना एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तो बदला. हेडलाइट लावल्यावर काटा हलत असेल तर अर्थिंगची वायर बॉडीला जिथे जोडली आहे ती जागा घासून साफ करा.

इंजिन बंद केल्यावर काटा थोडा चढतो तो चढू द्या. पाणी फिरायचं थांबतं, धातूतली उष्णता त्यात उतरते.

इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर धरू नका, आकडा खोटा कमी दाखवतो. काळ्या होज पाइपवर धरा.

कुलंट भरून हवा नीट काढली, तरी रेडिएटरमध्ये बुडबुडे येतच राहिले, तर पुन्हा पुन्हा पाणी भरत बसू नका. हेड गॅस्केट तपासून घ्या, त्याच दिवशी.